विचारा सुभेदारांना : मॅरून टोपी, गुडघे आणि पार्ट टू ऑर्डर

मागच्या अंकात पॅराशूट रेजिमेंटच्या स्पेशल फोर्स पलटणींबद्दल चार ओळी लिहिल्या आणि संपादकांच्या टेबलावर पत्रांची चळत लागली. त्यातली निम्मी 'कुठल्या पलटणीत होता, कुठल्या ऑपरेशनला होता, किती मारले' एवढंच विचारणारी आहेत. त्यांना एकदाच उत्तर देतो. शिपाई म्हणून गेलो, सुभेदार होऊन गावी आलो, मधल्या काळात पॅराशूट रेजिमेंटची मॅरून टोपी घातली. बाकीचं जिथं आहे तिथं सुखात आहे. उरलेल्या पत्रांतली काही इथं घेतोय. नावं सगळ्यांचीच गाळली आहेत, कारण दोघींनी तशी विनंती केली होती.

प्रश्न : वय 19, बारावी झाली आहे. खटाव तालुक्यात राहतो. इथल्या एका अकॅडमीचे सर म्हणतात, सहा महिन्यांत 'डायरेक्ट पॅरा कमांडो' भरतीची तयारी करून घेतो. फी पन्नास हजार. भरू का? सध्या रोज पहाटे सॅकमध्ये विटा भरून डांबरी रस्त्यावर दहा किलोमीटर पळतो. महिनाभर नडगी दुखतेय, पण सवय होईल असं मित्र म्हणतात.

फी भरू नकोस, आणि त्या विटा आज संध्याकाळीच काढून ठेव.

'डायरेक्ट पॅरा कमांडो' नावाची भरती सैन्यात नसते. आत जायच्या वाटा दोन. भरतीत तुला पॅराशूट रेजिमेंट मिळाली, तर बेंगळुरूच्या रेजिमेंटल सेंटरला ट्रेनिंग होतं, तिथून पलटणीत गेलास की प्रोबेशन, म्हणजे स्पेशल फोर्सच्या निवडीची कसोटी. नाहीतर मराठा लाइट इन्फंट्रीत जा, तोफखान्यात जा, सिग्नलला जा, आणि तिथं नोकरी करता करता व्हॉलंटियर म्हणून नाव दे. सीओ साहेबांनी, म्हणजे पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरनी, सोडलं की तू प्रोबेशनला जातोस. दोन्ही वाटा सुरू होतात अग्निवीर भरतीच्या त्याच दारातून. आधी ऑनलाइन लेखी परीक्षा, मग मैदान. तिथं 1.6 किलोमीटर धावणं, बीमवरचे पुलअप्स, नऊ फुटी खड्डा, झिगझॅग बॅलन्स, आणि मग मेडिकल. अकॅडमी तुला लेखी परीक्षेची तयारी आणि पहाटे उठायची शिस्त देऊ शकेल. बोर्डावर 'कमांडो' रंगवला की फी वाढते, यापलीकडे त्या शब्दाला तिथं काही अर्थ नाही.

आता नडगी. मित्रांना म्हणावं, दुखत्या हाडाला तसंच पळवून सवय होत नसते. वजन घेऊन डांबरावर पळालं की नडगीच्या हाडाला बारीक चीर जाऊ शकते. ती बाहेरून दिसत नाही. पोरगं दुखणं दाबून भरती होतं, सेंटरला जातं, आणि ड्रिलचे बूट पहिल्या काही आठवड्यांतच ती चीर उघडी पाडतात. मग पाय प्लास्टरमध्ये. बॅच पुढं निघून जाते आणि हा रेलिगेट होऊन मागच्या बॅचमध्ये नव्यानं सुरुवात करतो. अशी पोरं मी बरॅकच्या पायरीवर बसलेली पाहिलीत, दुसऱ्यांचे बूट पॉलिश करून देत. महिनाभर दुखतंय तर हाडांच्या डॉक्टरला दाखव. धावणं मातीवर कर, बांधावरनं कर. वजन पुढं सरकार देईल, ते सुद्धा फुकट.

आणि एवढं पळण्याचं वेडच का? स्पेशल फोर्समध्ये चालणारा टिकतो. पाठीवर पिठ्ठू, हातात हत्यार, पाणी, अ‍ॅम्युनिशन, वर रेडिओ सेटच्या बॅटऱ्या, असं सगळं घेऊन 10, 20, 30, 40 किलोमीटर जायचं असतं आणि पोहोचल्यावर खरं काम सुरू होतं. प्रोबेशनमध्ये आमचे एक उस्ताद, म्हणजे शिकवणारे, होते. रात्रभराचा मार्च संपून आम्ही आडवे होणार, इतक्यात ते शांतपणे विचारायचे, "दुसऱ्या नाल्यावरच्या पुलाला कमानी किती होत्या? पलीकडच्या घरात दिवा कुठल्या खिडकीत होता?" ज्याची मान सगळी वाट खाली होती त्याला काय सांगता येणार? त्याची वेळ पहिल्या नंबरची असली तरी उस्ताद वहीत काहीतरी लिहायचे.

टीममध्ये प्रत्येकाचा एक धंदा ठरलेला असतो. कुणी हत्यारांचा जाणकार, कुणी सुरुंगाचा, कुणी रेडिओचा, कुणी नकाशा-कंपासचा, कुणी मलमपट्टीचा. सुरुंग किती लावायचा हे गणित करून ठरतं, अंदाजपंचे नाही. म्हणून बारावीचं गणित फेकून देऊ नकोस. पन्नास हजार वाचतील त्यातले थोडे चांगल्या बुटांवर घाल.

प्रश्न : माझा मुलगा पायदळात आहे. गेल्या वर्षी त्यानं पॅरा एसएफसाठी (स्पेशल फोर्ससाठी) नाव दिलं. तो गेला त्याच आठवड्यात भावकीतल्या पोरांनी एसटी स्टँडवर 'पॅरा कमांडो झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन' असा फ्लेक्स लावला. तिसऱ्या आठवड्यात त्याला परत पाठवलं. गुडघा सुजला होता, पण गोळ्या खाऊन लपवत होता असं त्याच्या मित्राकडून कळलं. आता फोनवर धड बोलत नाही, सुट्टी असून गावी येत नाही. काय करू? (कवठेमहांकाळ)

माऊली, आधी फ्लेक्स उतरवा. तो स्टँडवर आहे तोवर तुमचा मुलगा त्या एसटीतून खाली उतरणार नाही. भावकीतल्या पोरांना माझं नाव सांगा, हवं तर मी फोन करतो.

त्याला परत पाठवलं याला आमच्यात आरटीयू म्हणतात, रिटर्न टू युनिट. गावात त्याचा अर्थ 'काढून टाकलं' असा लावतात, आणि तो साफ चूक आहे. शिक्षा झाली तर जवानाच्या कागदांत रेड इंक एंट्री पडते. आरटीयू ही शिक्षा नाही. त्याची पलटण, त्याचा हुद्दा, त्याची सीनियॉरिटी, सगळं जागच्या जागी आहे. प्रोबेशन ढोबळमानानं तीन महिन्यांचं असतं, पलटणीप्रमाणे कमीजास्त. तिथं गेलेल्यांतले बहुतेक परत येतात. राहतात ते थोडे.

तिथं काय चालतं ते सांगतो, म्हणजे त्याच्या मनात काय चाललं असेल ते तुम्हाला कळेल. पहिल्या काही दिवसांत झोप मोडतात. जेवणाची वेळ आज ही, उद्या दुसरीच. पुढचा कार्यक्रम काय, कुणी सांगत नाही, आणि माणूस अंगमेहनतीपेक्षा या न कळण्यानं जास्त पिचतो. मैदानाच्या कडेला एक ट्रक उभा असतो. पाऊस पडतोय, तुम्ही चिखलात आडवे आहात, आणि उस्ताद हातात चहाचा मग घेऊन शेजारी उकिडवे बसतात. ओरडत नाहीत. अगदी प्रेमानं म्हणतात, "बेटा, चाय गरम है, कंबल गाडी में है. बस बोल दे." खूप जण ओरडण्यानं मोडत नाहीत, या आवाजानं मोडतात. तुमचा मुलगा सुजलेला गुडघा घेऊन त्या चहाला नाही म्हणत राहिला. त्याला स्वतःहून यायचं नव्हतं, त्याला डॉक्टरांनी आणलं. हा फरक त्याला पक्का ठाऊक आहे, म्हणून तर तो गप्प आहे.

आमच्याबरोबर कोल्हापूरकडचा एक गडी होता, तालमीतला, मानेवर वासरू टाकून पळेल असा. पहिल्या दिवसापासून सगळ्यांच्या पुढं. तिथं बडी पद्धत असते, दोघांची जोडी. एका रात्री त्याच्या बडीचा पाय मुरगळला. हा त्याला मागं टाकून एकटाच पुढं गेला आणि पहिला पोहोचला. उस्तादांनी घड्याळाकडं बघितलंसुद्धा नाही. "तेरा बडी कहाँ है?" एवढंच विचारलं. सकाळी तो ट्रकमध्ये होता. शरीरात तो आम्हा सगळ्यांचा बाप होता.

आता गुडघ्याचं. मला काळजी आहे ती याची. गोळ्या खाऊन दुखणं लपवायची खोड स्पेशल फोर्समध्ये घरोघरी आहे आणि तिच्यामुळं किती चांगली माणसं पुढं वाकडी चालतात ते मी रोज बघतो. त्याला सांगा, एमआय रूमला, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, जाऊन रीतसर दाखव आणि ते कागदावर घे. गुडघ्यातली कुशन फाटली आहे, पाणी झालंय की नुसतीच सूज आहे, ते कळल्याशिवाय पुढचं काही बोलता येत नाही. बरा झाला, वय हातात असलं आणि त्याच्या साहेबांनी पुन्हा सोडलं, तर दुसऱ्या वेळी जाऊन राहिलेले मला माहीत आहेत. नाही गेला तरी त्याच्या पलटणीत निवडक जवानांची घातक प्लाटून असते, तिथं असल्या माणसाची गरज असतेच.

फोनवर प्रोबेशनचा विषय काढू नका. म्हैस व्याली का, विहिरीला पाणी किती, हे सांगा. येईल.

प्रश्न : मी सातवीत आहे. विमानातून उडी मारायच्या वेळी शू लागली तर काय करतात? आणि भीती वाटते का? (बारामती)

बाळा, आजवर आलेल्या पत्रांत हा सगळ्यात कामाचा प्रश्न आहे. उत्तर असं, की आधीच जाऊन यायचं. एकदा पॅराशूटची हार्नेस मांडीतून आणि खांद्यावरून आवळली की काही करता येत नाही. मागं मुख्य पॅराशूट, पुढं पोटावर रिझर्व्ह. सरळ चालतासुद्धा येत नाही, बदकासारखं डुलत डुलत विमानापर्यंत जावं लागतं. आणि हमखास, हार्नेस आवळली की शू लागतेच. ती खरी नसते, ती भीती असते. विमान सुटलं की जाते.

उडी शिकवतात आग्र्याला, पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये. जवान सैन्याचे आणि शिकवणारे हवाई दलाचे. आधी बरेच दिवस जमिनीवरच काम. पाय आणि गुडघे जोडून पडायचं, कसं लोळायचं, उंच मनोऱ्यावरून दोराला लटकून बाहेर कसं पडायचं. मग पाच उड्या, त्यातली एक रात्रीची. त्या झाल्या की छातीवर विंग, म्हणजे पंखांचा बिल्ला, लागते.

एएन-32 विमानात आत भयंकर उकडतं. इंधनाचा वास असतो, दोन्ही बाजूंना माणसं एकमेकांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलेली. कुणीतरी एक ओकतो, मग त्याच्या वासानं दुसरा. वर एक तार असते, तिला आपल्या पॅराशूटची पट्टी अडकवायची. ती पट्टीच पुढं पॅराशूट ओढून उघडते, आपण काही करायचं नसतं. लाल दिवा लागतो, सगळे उभे राहतात, मागच्यानं पुढच्याचं सामान तपासायचं. मागचा दरवाजा उघडा असतो आणि खाली उडीचं मलपुऱ्याचं मैदान दिसतं, हजार-बाराशे फूट खाली. हिरवा दिवा लागला की पुढचा दिसेनासा होतो, आणि तुझा पाय आपोआप पुढं पडतो, कारण मागून सगळी रांग रेटत असते. मग 'एक हजार, दो हजार, तीन हजार, चार हजार' मोजायचं आणि वर बघायचं. छत्री उघडलेली दिसली की त्याच्यासारखा आनंद नाही. आवाज एकदम बंद होतो. मग लगेच आठवतं की खाली जमीन येतेय आणि पाय जोडायचे आहेत.

भीती पहिल्या उडीला फार वाटत नाही, कारण काय होणार ते माहीत नसतं. दुसऱ्या उडीला वाटते.

प्रश्न : बुलेटच्या टाकीवर 'बलिदान' बॅजचा स्टिकर लावला आहे. माझा चुलत मामा सैन्यात ड्रायव्हर होता. चालतं ना? शिवाय कमांडो काचेचा ग्लास खातात हे खरं का? (पिंपरी)

काढ तो. तो खंजीर, ते पंख आणि त्यावरची पट्टी स्पेशल फोर्सचा जवान नावाच्या पट्टीखाली लावतो, आणि तो बॅज नुसत्या पॅराशूटच्या उडीनं मिळत नाही. 2019 च्या वर्ल्ड कपमध्ये महेंद्रसिंग धोनीच्या ग्लोव्हजवर ते चिन्ह दिसलं तर आयसीसीनं काढायला लावलं, आणि तो तर पॅराच्या टेरिटोरियल आर्मी बटालियनचा मानद लेफ्टनंट कर्नल, आग्र्याला उड्या मारून विंग घेतलेला. मामा ड्रायव्हर होते ना? मग आर्मी सर्व्हिस कोअरची निशाणी काय असते ते त्यांना विचार. सियाचीनच्या पायथ्यापर्यंत रसद नेणाऱ्या त्या माणसांची निशाणी कुणी गाडीवर लावत नाही, याचं मला वाईट वाटतं.

काचेचं ऐकलंस ते खोटं नाही. घरी करू नकोस, आतडं फाटतं. त्यानं कुणाचं सिलेक्शन होत नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. वर्तमानपत्रांत पॅरा, एनएसजी, मार्कोस, गरुड, फोर्स वन, सी-60, सगळ्यांना सरसकट 'कमांडो' म्हणतात. विद्यार्थ्यांना सांगायचं तर नेमकं काय सांगावं? मराठी माणसाचा यात काही जुना संबंध आहे का? (मंगळवेढा)

गुरुजी, मालक कोण ते विचारलं की गोंधळ मिटतो. पॅरा स्पेशल फोर्स सैन्याची. मार्कोस नौदलाची, 1987 ची, आणि तिचं घर आपल्याच उरणजवळ करंजाला, आयएनएस अभिमन्यू. गरुड हवाई दलाची, 2004 ची. एनएसजी गृहमंत्रालयाखाली, 1984 मध्ये उभी राहिली. फोर्स वन महाराष्ट्र पोलिसांची, 26/11 नंतरची. सी-60 गडचिरोली पोलिसांची, 1990 पासूनची, तिथल्याच स्थानिक पोरांची. जंगल, बोली, पायवाटा त्यांच्या अंगात आहेत, तो भाग कुठल्या शाळेत शिकवून येत नाही. माझं मत विचाराल तर त्यांच्याबद्दल आपण फार कमी लिहितो.

घोळ होतो तो एनएसजीमुळं, कारण तिचे स्वतःचे जवान नसतात. सगळे डेप्युटेशनवर. तिचे 51 आणि 52 स्पेशल अ‍ॅक्शन ग्रुप (एसएजी) सैन्यातून भरतात. 26/11 च्या हल्ल्यात ताजमध्ये शहीद झालेले मेजर संदीप उन्नीकृष्णन बिहार रेजिमेंटचे अधिकारी होते आणि त्या वेळी 51 एसएजीत होते. उलटंही होतं, एसएफचा अधिकारी दुसरीकडं जातो. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक साताऱ्याच्या सैनिक स्कूलचे, 21 पॅरा एसएफचे. 17 नोव्हेंबर 2015 ला कुपवाड्याच्या जंगलात ते पडले तेव्हा 41 राष्ट्रीय रायफल्सचे सीओ होते. सीओ असून पुढं होते. पेपरात कुठं 'पॅरा', कुठं 'आरआर' छापून आलं, आणि दोन्ही बरोबर होतं.

मराठी संबंध भरपूर आहे. त्या 21 पॅराचंच घ्या, ती आधी 21 मराठा लाइट इन्फंट्री होती, 1996 मध्ये स्पेशल फोर्स झाली. दुसरी 2 पॅरा. ही मुळात मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन. 1952 मध्ये पॅराशूट रेजिमेंट झाली तेव्हा तिची 2 पॅरा (मराठा) झाली. माणगावच्या बाजूचे नाईक यशवंत घाडगे, ज्यांना इटलीतल्या 10 जुलै 1944 च्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ते याच तिसऱ्या बटालियनचे. आणि 11 डिसेंबर 1971 ला टांगाईलला लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नूंच्या हाताखाली पॅराशूटनं उतरली ती हीच 2 पॅरा. काम होतं पुंगली पूल धरायचं, म्हणजे ढाक्याकडं मागं सरकणारी पाकिस्तानी ब्रिगेड अडेल. आमच्या भागातले एक म्हातारे त्या उडीत होते. युद्धाचं विचारलं की ते पुलाचं सोडून तिथल्या गावकऱ्यांचंच सांगायचे. सामान शेता-तळ्यांत विखुरलं होतं आणि गावकरी डोक्यावर पेट्या घेऊन चिखलातून आणून देत होते, कुणी न सांगता. 16 डिसेंबरला ढाक्यात शिरलेल्या पहिल्या तुकड्यांत 2 पॅरा होती. स्पेशल फोर्स ती पुढं 2000 च्या सुमारास झाली.

विद्यार्थ्यांना नकाशावर टांगाईल दाखवा. बहुतेकांना माहीत नसतं.

प्रश्न : मी अकरावी सायन्सला. मुलगी असून मला पॅरा स्पेशल फोर्समध्ये जायचं आहे. लोक हसतात. (नाशिक)

हसणाऱ्यांना हसू दे, पण तुला खरं सांगणं भाग आहे. स्पेशल फोर्सच्या लढाऊ टीममध्ये आज मुलींना प्रवेश नाही, पायदळातही नाही. पॅराशूट घेऊन उडी मारणारी अधिकारी मात्र होता येतं. पॅरा फील्ड हॉस्पिटलच्या डॉक्टर उडी मारतात. 60 पॅरा फील्ड हॉस्पिटल फेब्रुवारी 2023 मध्ये तुर्कीच्या भूकंपात गेलं, त्यात महिला डॉक्टर होत्या. हीच तुकडी 1950 मध्ये लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्याबरोबर कोरियात गेली होती.

तू आधी एनडीए बघ. खडकवासल्याला मुलींची पहिली तुकडी 2022 मध्ये आत गेली आणि 2025 च्या मे मध्ये पास होऊन बाहेर पडली. तुझ्या नाशकातच सरकारची मुलींसाठीची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट आहे, तिथं जाऊन प्रवेशाचं विचार. तू बारा-पंधरा वर्षांनी मेजर होशील तोवर नियम काय असतील हे आज कुणी छातीठोक सांगू नये. दहा वर्षांपूर्वी एनडीएचं सांगत होते ते सगळे तोंडघशी पडलेत.

प्रश्न : मिस्टर एसएफमध्ये हवालदार आहेत. 17 वर्षं झाली. आता पेन्शन घेऊन येतो म्हणतात. डाव्या कानानं कमी ऐकू येतं, कंबर धरते, रात्री झोप नाही. हॉटेलात गेलो तर दाराकडं तोंड करूनच बसतात, कुकरची शिट्टी झाली तरी मुलीवर खेकसतात. डॉक्टरकडं चला म्हटलं तर म्हणतात 'मी शेप-वन आहे.' बाहेर कमांडोला बॉडीगार्ड म्हणून लाखभर पगार मिळतो असं एकांनी सांगितलंय. खरं आहे का? (कोरेगाव)

वहिनी, पगाराचं आधी संपवतो. लाखभराच्या नोकऱ्या असतात, पण त्या ओळखीनं मिळतात आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. आमच्यातले बहुतेक एमआयडीसीत सिक्युरिटी सुपरवायझर झाले, काही डीएससीत (डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये) गेले, काही बँकेत, काहींनी माजी सैनिकांच्या राखीव जागांतून सरकारी नोकरी धरली. चाळीस किलोमीटर वजन घेऊन चालणं हे बायोडेटात कुठं लिहायचं ते अजून कुणाला सापडलेलं नाही. ड्रायव्हिंग, कॉम्प्युटर, फायर सेफ्टीचा कोर्स, जे काही करता येईल ते वर्दीत असताना करा. रीसेटलमेंटचे कोर्स असतात, त्यासाठी अर्ज करायला लावा.

पेन्शनला पंधरा वर्षांची सेवा लागते, ती त्यांची झाली आहे. तरी घाई करू देऊ नका, कारण 'मी शेप-वन आहे' हे वाक्य तुम्हाला महाग पडणार आहे.

शेप-वन म्हणजे मेडिकल कॅटेगरीत पूर्ण तंदुरुस्त. ती घसरली की टीममधून बाहेर, कदाचित पलटणीतूनही, या धास्तीनं आमचे लोक काही म्हणजे काही सांगत नाहीत. कानाशेजारी स्फोट झाला, दोन दिवस शिट्टी वाजली, गप्प. उडीत कंबर आदळली, मालिश केली, गप्प. निवृत्तीच्या वेळी रिलीज मेडिकल बोर्ड बसतं. बोर्ड बघतं ते कागद. सतरा वर्षांत कंबरेचा एक कागद नाही म्हटल्यावर ते दुखणं नोकरीतलं हे कशावरून? तिथं अपंगत्वाच्या पेन्शनचा दावा ढिला पडतो, आणि नंतर वर्षानुवर्षं ट्रिब्युनलच्या तारखा. माझ्याही डाव्या कानात रातकिडा बसलेला आहे. पण आमच्या एमआय रूमचा नर्सिंग असिस्टंट फार चिवट होता, मला हाताला धरून ऑडिओमेट्रीला, म्हणजे कानाच्या तपासणीला, नेलं आणि रिपोर्ट फाइलला लावून मगच सोडलं. तेव्हा मी त्याला शिव्या दिल्या.

म्हणून बोर्डाच्या आधी, पलटणीत असतानाच, कान आणि कंबर दोन्ही मिलिटरी हॉस्पिटलला दाखवायचं. झोपेचंसुद्धा. दाराकडं तोंड करून बसणं ही सवय आहे, ती कायमची राहिली तरी संसार चालतो. माझी आहे, घरच्यांनी माझी खुर्ची ठरवून टाकली आहे. पण झोप नाही आणि लेकरावर खेकसणं, याला औषध आहे, डॉक्टर आहेत. पुण्याच्या कमांड हॉस्पिटलला सायकियाट्रीचा विभाग आहे. 'वेड्याचा डॉक्टर' म्हणून ते हसतील. त्यांना सांगा, एका सुभेदारानं सांगितलंय, आणि हुकूम समजा म्हणावं. चारचौघांत हा विषय काढू नका, मुलीसमोर तर नकोच. गाडीत दोघंच असताना बोला, तिथं त्यांना समोर रस्त्याकडं बघता येतं.

आता तुमच्या हातातलं काम. एसएफच्या घरात नवरा महिनोन्महिने फोनवर सापडत नाही, त्यामुळं कागद अर्धवट राहतात. लग्नाची नोंद आणि मुलीच्या जन्माची नोंद, दोन्हींच्या पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सर्व्हिस रेकॉर्डमध्ये नोंद करणारे आदेश, निघाल्या आहेत का ते त्यांना पलटणीच्या क्लार्ककडून बघायला सांगा. नोंद नसली तर उद्या पेन्शनच्या कागदावर तुम्ही दोघी नसता. जॉइंट फोटो, जॉइंट खातं, नॉमिनेशन, आधार-पॅनवरचं नाव, हे सगळं निवृत्तीच्या आधी. ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या कार्डाचा अर्जही वेळेत करायला सांगा, म्हणजे औषधाचा प्रश्न मिटतो. पेन्शन आता स्पर्श पोर्टलवरून येते, त्याचा युजरनेम आणि पासवर्ड तुमच्याकडंही असू द्या, आणि दरवर्षी हयातीचा दाखला चुकवू नका, नाहीतर पेन्शन थांबते.

मुलीच्या जन्मदाखल्यावरचं नाव आणि सर्व्हिस रेकॉर्डमधलं नाव आजच शेजारी शेजारी ठेवून वाचा. एक वेलांटी इकडची तिकडं असली तरी फाइल परत येते, आणि रेकॉर्ड ऑफिसकडून दुरुस्ती व्हायला महिने जातात.